किल्ली, पडदा आणि विश्वास : एक्स विंडो प्रणालीतील प्रमाणीकरण-व्यवस्थेची चिकित्सा

सारांश

दूरच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामची खिडकी समोरच्या पडद्यावर उमटवण्याची सोय एक्स विंडो प्रणालीने १९८० च्या दशकात उपलब्ध करून दिली. या सोयीचा गैरवापर होऊ नये म्हणून प्रथम यंत्राधारित परवानगी, नंतर ‘कुकी’ या नावाची गुप्त किल्ली आणि शेवटी एसएसएचमार्गे होणारी सांकेतिक जोडणी असे तीन टप्पे अस्तित्वात आले. प्रस्तुत लेखात या तिन्ही टप्प्यांची चिकित्सा केली आहे. किल्ली सांभाळण्याची आणि वाहून नेण्याची साधने उत्तरोत्तर सुधारत गेली; परंतु किल्ली हाती आलेल्याला नेमका किती अधिकार मिळावा, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर मागे पडला, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : एक्स विंडो प्रणाली, प्रमाणीकरण, कुकी, एक्सऑथ, एसएसएच, विश्वास.

१. प्रस्तावना

संगणक-सुरक्षिततेची चर्चा बहुधा पासवर्डपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पासवर्ड किती अक्षरांचा असावा, तो किती दिवसांनी बदलावा, याविषयीच्या सूचना प्रयोगशाळांच्या भिंतींवर लावलेल्या आढळतात. परंतु पासवर्ड देऊन आत गेल्यानंतर वापरकर्त्याच्या नकळत जे असंख्य व्यवहार चालतात, त्यांमध्ये विश्वासाची वाटणी कशी झालेली असते, याचा विचार क्वचितच होतो.

दूरस्थ पडद्याचा व्यवहार हे याचे बोलके उदाहरण होय. विभागाच्या सर्व्हरवर किंवा एखाद्या उच्च क्षमतेच्या संगणकावर गणिती प्रोग्राम चालतो आणि त्याचा आलेख प्राध्यापकाच्या टेबलावरील संगणकावर उमटतो. लिनक्स वापरणाऱ्या विज्ञान व अभियांत्रिकी विभागांना हा अनुभव अपरिचित नाही. आलेख उमटला की काम झाले, असे मानले जाते. तो उमटावा म्हणून कोणती किल्ली कोणाच्या हाती गेली आणि त्या किल्लीने आणखी कोणती दारे उघडतात, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. तो विचारणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२. मूळ रचना आणि तिचे गृहीतक

एक्स विंडो प्रणालीचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे झाला. रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांची नावे तिच्या निर्मितीशी निगडित आहेत. त्याच संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट अथीना’ या शैक्षणिक प्रकल्पाची ती गरज होती. विद्यापीठाच्या परिसरात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे विखुरलेली असताना कोणत्याही यंत्रावरील प्रोग्राम कोणत्याही पडद्यावर दिसावा, ही त्यामागील अपेक्षा होती. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिचाच नियमसंच पुढे दीर्घकाळ टिकला.

या प्रणालीतील संज्ञा नवख्या वाचकाला उलट्या वाटतात. येथे ‘सर्व्हर’ म्हणजे दूरचा मोठा संगणक नव्हे. पडदा, कीबोर्ड आणि माऊस ज्याच्या ताब्यात आहेत, तो वापरकर्त्यासमोरील प्रोग्राम म्हणजे सर्व्हर. आणि त्याच्याकडे खिडकी काढून मागणारा, मग तो शेजारच्या खोलीत असो वा परदेशात, तो ‘क्लायंट’. ही बाब ध्यानात घेतली की धोक्याची दिशाही स्पष्ट होते. दूरच्या यंत्रावर जाणारा वापरकर्ता स्वतःला पाहुणा समजतो. पडद्याच्या दृष्टीने मात्र तोच यजमान असतो आणि दूरचा प्रोग्राम हा त्याच्या घरी आलेला पाहुणा.

या पाहुण्याला घरात किती मोकळीक आहे? मूळ नियमसंचानुसार जवळजवळ संपूर्ण. एकदा जोडणी मान्य झाली की क्लायंट संपूर्ण पडद्याचे चित्र मागू शकतो, दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा टिपू शकतो आणि वापरकर्त्याच्या वतीने खोट्या कळाही दाबू शकतो. जुन्या वाड्यात ओसरीवर बसलेला माणूस माजघरात जात नसे. त्याच्या येण्याला उंबरठ्याची मर्यादा होती. एक्सच्या मूळ रचनेत मात्र दिंडी दरवाजा ओलांडल्यानंतर दुसरा उंबरठाच नाही. सर्व क्लायंट एकाच विश्वासू समूहातील आहेत, हे या रचनेचे गृहीतक होय. खिडक्यांची मांडणी करणारा प्रोग्रामही एक साधा क्लायंटच असल्याने क्लायंटांना परस्परांच्या खिडक्यांवर अधिकार देणे सोयीचे होते, हे मान्य करावे लागते. तथापि त्या सोयीची किंमत पुढील सर्व प्रमाणीकरण-व्यवस्थेला मोजावी लागली.

३. पहिला टप्पा : यंत्रावर विश्वास

आरंभीच्या व्यवस्थेत परवानगी व्यक्तीला नव्हे, तर यंत्राला दिली जाई. ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेने एखाद्या यंत्राचे नाव यादीत घातले की त्या यंत्रावरून येणारी प्रत्येक जोडणी स्वीकारली जाई. एका यंत्रावर एकच माणूस बसतो, अशा परिस्थितीत ही पद्धत चालण्यासारखी होती. परंतु युनिक्स ही मुळातच अनेकांनी एकाच वेळी वापरायची प्रणाली असल्याने, एका सहकाऱ्यासाठी उघडलेले दार त्या यंत्रावरील सर्वांसाठी उघडले जात असे.

याच आज्ञेला केवळ अधिक चिन्ह जोडले, तर सगळ्या जगाला परवानगी मिळते. एक्सच्या इतिहासातील कदाचित सर्वांत हानिकारक सोय हीच असावी. ‘पडदा उघडता येत नाही’ असा संदेश आला की दोन शब्द टाइप करून अडचण दूर होते. दार कायमचे सताड उघडे राहिले, हे मात्र पडद्यावर कोठेही दिसत नाही. अडचण तत्काळ दिसते आणि धोका अदृश्य राहतो, तेथे माणूस अडचण दूर करणारा मार्गच निवडणार. या निवडीचा दोष वापरकर्त्याच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही.

४. दुसरा टप्पा : कुकी, अर्थात ताबा म्हणजेच अधिकार

यंत्रावरील विश्वासाची ही उणीव भरून काढण्यासाठी ‘एमआयटी-मॅजिक-कुकी-१’ ही पद्धत आली. ब्राउझरमधील कुकीशी तिचा संबंध नाही. सत्र सुरू होताना १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या तयार केली जाते. ती सर्व्हरला सांगितली जाते आणि वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमधील ‘एक्सऑथॉरिटी’ या लपवलेल्या फाइलमध्ये नोंदवली जाते. जोडणी मागणारा प्रोग्राम ही संख्या सादर करतो. ती जुळली की प्रवेश मिळतो. फाइल वाचण्याची परवानगी केवळ मालकाला असल्याने यंत्राऐवजी व्यक्तीच्या खात्याला अर्थ प्राप्त झाला, ही या टप्प्याची खरी कमाई होय.

या फाइलचे व्यवस्थापन करणारे साधन म्हणजे ‘एक्सऑथ’. प्रत्येक नोंदीत पडद्याचे नाव, पद्धतीचे नाव आणि सोळाच्या पायातील बत्तीस अंकी किल्ली असे तीन भाग असतात. एक्सऑथच्या साहाय्याने नोंदींची यादी पाहता येते, एखादी नोंद बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावरील फाइलमध्ये मिसळता येते, किंवा काढून टाकता येते. साधन लहान आणि नेटके आहे. परंतु त्याच्या मर्यादा तीन पातळ्यांवर जाणवतात.

पहिली मर्यादा वाहतुकीची. जोडणीच्या वेळी कुकी उघड्या स्वरूपातच नेटवर्कवरून जाते. वाटेत कान देऊन बसलेल्याला ती सहज मिळते. घरचे फोल्डर सामायिक सर्व्हरवर असेल, तर फाइल वाचतानाही हाच धोका संभवतो. असुरक्षित नेटवर्कवर ही पद्धत फारशी उपयोगी नाही, अशी कबुली एक्सऑथच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच दिलेली आहे. किल्ली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे साधन देणे आणि ती सुरक्षितपणे कशी न्यावी हे वापरकर्त्यावर सोपवणे, ही विसंगती दुर्लक्षणीय नाही. किल्ली आज्ञेच्या ओळीतच टाइप केली, तर चालू प्रोग्रामांची यादी पाहणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्यालाही ती क्षणभर दिसू शकते, ही आणखी एक बारीक परंतु खरी अडचण.

दुसरी मर्यादा मुदतीची. सामान्यतः ही किल्ली सत्र संपेपर्यंत चालते. फाइलमधील नोंद पुसली, तरी सर्व्हर ती किल्ली विसरत नाही. नोंद पुसणे म्हणजे आपल्याजवळची किल्ली फेकून देणे होय, कुलूप बदलणे नव्हे. ज्याने आधीच तिची प्रत करून घेतली असेल, त्याचा प्रवेश अबाधित राहतो. शिवाय सर्व प्रोग्रामांना एकच किल्ली असल्याने, एकाचा अधिकार काढून घ्यायचा आणि इतरांचा ठेवायचा, हे शक्य होत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा अर्थाची. कुकी सादर करणारा कोण आहे, हे सर्व्हरला कळत नाही. त्याच्याजवळ किल्ली आहे, एवढेच कळते. ताबा म्हणजेच अधिकार, हे या पद्धतीचे तत्त्व. येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. व्यक्तीची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीनंतर निरुपयोगी होणारी तिकिटे देणारी ‘कर्बेरॉस’ ही व्यवस्था त्याच अथीना प्रकल्पात जन्मली. एकाच अंगणातील या दोन अपत्यांपैकी एकाला ओळख आणि मुदत यांचे पूर्ण भान होते. दुसऱ्याच्या हाती मात्र निनावी, बेमुदत किल्ली देण्यात आली.

पर्याय नव्हते असे नाही. ‘एक्सडीएम-ऑथोरायझेशन-१’ या पद्धतीत किल्ली उघडी न पाठवता डीईएस या सांकेतिक पद्धतीने वेळ आणि पत्त्यासह गुंडाळून पाठवली जाई. परंतु अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे त्यासाठी लागणारा भाग परदेशी वितरणात समाविष्ट नसे, आणि ५६ बिटांची डीईएस किल्ली तीन दिवसांच्या आत शोधता येते हे १९९८ मध्ये प्रत्यक्ष दाखवण्यात आले. ‘सन-डीईएस-१’ आणि कर्बेरॉसवर आधारित पद्धती व्यक्तीची ओळख पटवू शकत. पण त्यांसाठी संस्थाभर किल्लीवाटपाची स्वतंत्र यंत्रणा उभी असणे आवश्यक होते. परिणामी सर्वांत दुबळी परंतु सर्वांत सोपी पद्धतच रूढ झाली. हा केवळ तंत्राचा पराभव नव्हता. ज्या पद्धतीच्या व्यवस्थापनाचा भार कमी, ती टिकते, या नियमाचा तो प्रत्यय होता.

५. तिसरा टप्पा : एसएसएच आणि किल्लीची सुरक्षित वाहतूक

फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरील पासवर्ड चोरले गेल्याच्या घटनेनंतर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच निर्माण केले. १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आली आणि तिने दूरस्थ पडद्याच्या व्यवहाराचे स्वरूप पालटले.

एसएसएचची युक्ती कौतुकास्पद आहे. दूरच्या यंत्रावर ती एक खोटा पडदा उभा करते. त्याचा क्रमांक सामान्यतः १० पासून सुरू होतो, जेणेकरून तेथील खऱ्या पडद्यांशी गोंधळ होऊ नये. दूरच्या यंत्रावरील फाइलमध्ये खरी कुकी लिहिलीच जात नाही. तिच्या जागी नव्याने तयार केलेली खोटी कुकी लिहिली जाते. दूरचा प्रोग्राम ती खोटी कुकी सादर करतो. सांकेतिक मार्गाने ती वापरकर्त्याच्या यंत्रापर्यंत येते. तेथे तपासून तिच्या जागी खरी कुकी घातली जाते आणि मगच जोडणी सर्व्हरकडे जाते. खरी किल्ली घराबाहेर पडत नाही आणि एसएसएचची जोडणी तुटली की खोटी किल्ली निरुपयोगी होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएसएचच्या मानक-दस्तऐवजातही अशाच खोट्या कुकीची शिफारस आहे. वाहतूक आणि मुदत या दोन मर्यादांचे निराकरण वापरकर्त्याला काहीही शिकायला न लावता झाले, हे या टप्प्याचे मोठे यश मानले पाहिजे.

तथापि तिसरी मर्यादा कायम राहिली. दूरच्या यंत्रावर ज्याला सर्वाधिकार आहेत, तो तेथील कोणाचीही फाइल वाचू शकतो. अर्थात खोटी कुकीही वाचू शकतो. जोडणी चालू असेपर्यंत ती खोटी किल्ली खऱ्या घराचेच दार उघडते. एसएसएचच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा स्पष्टपणे दिलेला आहे. एखाद्या प्राध्यापकाने एक्स सत्रातून विभागाच्या सामायिक सर्व्हरशी अशी जोडणी केली आणि तो सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेलेला असला, तर आलेखाच्या खिडकीशेजारी उघडी असलेली गुणपत्रिका, प्रश्नपत्रिकेचा मसुदा किंवा बँकेच्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड हे सर्व त्याच्या दृष्टिपथात येते. मार्ग सुरक्षित आहे. मात्र त्या मार्गाने कोण येत आहे आणि आल्यावर काय करणार, याला बंधन नाही.

६. विश्वासू आणि अविश्वासू : एका चांगल्या कल्पनेची परवड

या उणिवेवर उपाय शोधला गेला नाही, असे म्हणता येणार नाही. १९९६ मधील एक्सच्या आवृत्तीत ‘सिक्युरिटी’ नावाची पुरवणी आली. तिच्यामुळे क्लायंटांचे विश्वासू आणि अविश्वासू असे दोन वर्ग करता येऊ लागले. अविश्वासू क्लायंटाला इतरांच्या खिडक्यांत डोकावता येत नाही. त्याच्यासाठी एक्सऑथकडून वेगळी, मुदतीची आणि रद्द करता येणारी किल्ली मिळते. ज्या उंबरठ्याचा मूळ रचनेत अभाव होता, तो येथे प्रथमच बांधला गेला.

२००४ मध्ये ओपनएसएसएचच्या ३.८ या आवृत्तीने या पुरवणीचा आधार घेतला. ‘एक्स’ हा पर्याय दिल्यास अविश्वासू जोडणी आणि ‘वाय’ हा पर्याय दिल्यास विश्वासू जोडणी, असा भेद झाला. अविश्वासू जोडणीसाठी वीस मिनिटांची मुदतही ठेवण्यात आली. तत्त्वतः हा निर्णय अचूक होता. व्यवहारात मात्र अनेक प्रोग्राम अविश्वासू अवस्थेत अनपेक्षितपणे बंद पडत, कारण त्यांची रचना पूर्ण मोकळीक गृहीत धरून झाली होती. त्यामुळे डेबियनसारख्या वितरणाने दोन्ही पर्याय मूळ मांडणीतच विश्वासू ठरवले. इतरत्र वापरकर्त्यांनी ‘वाय’ची सवय लावून घेतली. ‘एक्सहोस्ट’च्या अधिक चिन्हाचीच ही सुधारित आवृत्ती होय.

याहून गंभीर बाब म्हणजे साधनानेच दिलेले वचन न पाळणे. अविश्वासू किल्ली तयार करणे शक्य झाले नाही, तर एसएसएच मुकाट्याने विश्वासू किल्ली वापरते, असा दोष २००७ मध्ये उघड झाला आणि ४.७ या आवृत्तीत तो दुरुस्त करण्यात आला. त्याच जातीचा दोष, म्हणजे सर्व्हरमध्ये ती पुरवणी बंद असल्यास विश्वासू जोडणीकडे घसरणे, पुन्हा आढळला आणि २०१६ मध्ये ७.२ या आवृत्तीत दूर करण्यात आला. नऊ वर्षांच्या अंतराने तीच चूक पुन्हा व्हावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अडचण आली की दार बंद ठेवण्याऐवजी काम चालू ठेवायचे, ही जी वृत्ती वापरकर्त्यात दिसते, तीच प्रोग्रामच्या ओळींतही उतरली होती. वापरकर्ता निदान स्वतः निवड करतो. येथे तर ज्याने सावधपणे सुरक्षित पर्याय निवडला, त्याचीच फसगत झाली.

२०१६ मध्येच आणखी एक दोष निदर्शनास आला. पडद्याच्या विनंतीतील मजकूर पुरेसा न तपासता एक्सऑथकडे सोपवला जात असल्याने, मर्यादित अधिकार असलेल्या खात्यालाही त्यात एक्सऑथच्या आज्ञा घुसवता येत होत्या. २०१७ मध्ये एक्सच्या सर्व्हरमधील कुकीची तुलना अशा रीतीने होते की, तिला लागणाऱ्या वेळेवरून किल्लीचा अंदाज बांधण्याची शक्यता राहते, हे दाखवण्यात आले. तीन दशके जुन्या व्यवस्थेच्या अगदी मूळ पायरीवर, म्हणजे दोन संख्या जुळतात की नाही हे पाहण्यातही, असा दोष दडून राहू शकतो, ही बाब बोधप्रद आहे.

७. एका आक्षेपाचा विचार

या चिकित्सेवर असा आक्षेप घेतला जाईल की, एक्सचा काळ आता ओसरत आहे. मग त्याच्या किल्ल्यांची चर्चा कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. २०१५ पासून एक्सचा सर्व्हर मूळ मांडणीत नेटवर्कवरील थेट जोडणी स्वीकारत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ या पर्यायी रचनेत एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी वाचताच येत नाही. पडद्याचे चित्र हवे असल्यास वापरकर्त्याची संमती घेण्याची व्यवस्था आहे. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर वगळण्यात आला.

परंतु वेलँडने प्रश्न सोडवला तो किल्ली अधिक बळकट करून नव्हे, तर प्रवेश करणाऱ्याचा अधिकार मर्यादित करून. प्रस्तुत विवेचनाच्या निष्कर्षाला यामुळे पुष्टीच मिळते. दुसरे असे की, दूरस्थ पडद्याची सोय वेलँडच्या मूळ नियमसंचात नाही; ती वेगळ्या साधनांनी मिळवावी लागते. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून एक्सचा एक सर्व्हर वेलँडच्या आतही ठेवावा लागतो आणि त्यातील प्रोग्राम परस्परांना पूर्वीप्रमाणेच पाहू शकतात. प्रयोगशाळांतील यंत्रे आणि त्यांवरील संशोधनाचे प्रोग्राम नव्या आवृत्त्यांच्या वेगाने बदलत नाहीत, हे तर अध्यापकांना सांगण्याची गरज नाही. एक्सला सरसकट सदोष ठरवणेही अन्यायाचे होईल. परस्परांना ओळखणाऱ्या विद्यापीठीय समूहासाठी घडवलेली रचना संपूर्ण जगाच्या नेटवर्कवर गेली. तिच्या गृहीतकांची फेरतपासणी वेळेवर झाली नाही, हा खरा दोष.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. एक, प्रमाणीकरण आणि अधिकारमर्यादा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कितीही चोख असले, तरी ते दुसऱ्याचे उत्तर होत नाही. दोन, किल्ली सांभाळण्याचा भार वापरकर्त्यावर जितका अधिक, तितकी ती किल्लीच बाजूला ठेवण्याची शक्यता अधिक. खोट्या कुकीची युक्ती यशस्वी झाली ती वापरकर्त्याकडून काहीच न मागितल्यामुळे. तीन, सुरक्षित पर्याय अपयशी ठरला, तर काम थांबले पाहिजे. मुकाट्याने असुरक्षित पर्यायाकडे वळणारे साधन विश्वासार्ह म्हणता येत नाही.

महाविद्यालयीन व्यवहारापुरते बोलायचे, तर ‘एक्सहोस्ट’ची सरसकट परवानगी प्रयोगशाळांतून हद्दपार करणे, जेथे एखादी फाइल आणून समोरच्या संगणकावर आलेख काढता येतो तेथे पडद्याची जोडणी टाळणे, आणि ‘वाय’ हा पर्याय केवळ संपूर्ण विश्वासातील यंत्रांसाठी राखून ठेवणे, या गोष्टी विनाखर्च शक्य आहेत. संगणकशास्त्राच्या अध्यापनातही कुकीचे उदाहरण उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्यांना किल्ली कशी बनवावी हे शिकवले जाते. ती हाती आलेल्याला कोठवर जाता येते, हे विचारण्याची सवय लावणे हे त्याइतकेच महत्त्वाचे शिक्षण होय.